बँकेच्या यादीतला आपला माणूस

गुरुवारी सकाळी ऑफिसच्या पायऱ्या चढत असताना एस्टेट एजंटचा फोन आला आणि मी तिथेच कठडा धरून ओरडले. पिनरमधल्या त्या घरासाठी आम्ही दिलेली ऑफर मालकिणीने स्वीकारली होती. मागून येणारा माणूस दचकला. त्याला मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली मी.

त्याआधी आम्ही इतकी घरं पाहिली होती की एजंट मंडळी माझा आवाज ओळखायला लागली होती. नवऱ्याला त्यातली निम्मी आवडली. मला एकही नाही, कारण मी घराआधी दार बघायचे. नागपूरला बाबा एकटे राहतात. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. सपाटीवर काठी टेकत मैलभर चालतील, पण पायरी दिसली की थांबतात. एजवेअरचा आमचा भाड्याचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यामुळे आम्ही इंग्लंडला आल्यापासून ते एकदाही आलेले नव्हते. दरवर्षी म्हणायचे, "पुढच्या वर्षी पाहू," आणि दरवर्षी मला रडू यायचं.

पिनरच्या घरालाही पुढून सहा पायऱ्या होत्या. पण बाजूने एक बोळ होता, सपाट, फरशी घातलेला, थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाणारा. घर बघायला गेलो तेव्हा खोल्या नवऱ्याने पाहिल्या. मी बोळात तीन फेऱ्या मारल्या आणि म्हटलं, हेच.

आता त्याच फोनवर एजंटने शेपूट जोडलं. "उद्या पाचच्या आत सॉलिसिटरचं नाव द्या. नाहीतर शनिवारी आणखी दोन कुटुंबं घर बघायला येतायत, त्यांना थांबवता येणार नाही." इथे तोंडी होकाराला कुणी बांधील नसतं. पण मला कसली काळजी? मी तर गुडघ्याला बाशिंग बांधूनच बसले होते. आमच्या इथल्या मराठी मंडळातले एक काका सॉलिसिटर आहेत, एकट्याचं ऑफिस, ओळखीतल्या अर्ध्या लोकांच्या घरांचे कागद त्यांनीच केलेले. घर सापडायच्या आधीच मी त्यांना सांगून ठेवलं होतं.

दुपारी बँकेच्या मॉर्गेज ॲडव्हायजरने माझं विमान खाली आणलं. काका बँकेच्या पॅनेलवर नव्हते. इथे घर घेताना साधारण एकच सॉलिसिटर आपलंही काम बघतो आणि कर्ज देणाऱ्या बँकेचंही. त्यामुळे बँक तिच्या पसंतीच्या वकिलांची यादी ठेवते, आणि आमची बँक एकट्याने चालवलेली ऑफिसं त्या यादीत घेत नव्हती. काकाच हवे असतील तर बँक तिचा वेगळा वकील नेमणार, म्हणजे काही आठवडे जास्त. काकांना कसं सांगावं ते कळेना. फोन केला, दोन वेळा घसा खाकरला.

"अगं, वेडी आहेस का?" काका म्हणाले. "माझ्यासाठी घर घालवशील? यादीतला घे. वास्तुशांतीला मात्र बोलव, पुरणपोळी हवी."

बाबा काही इतक्या सहज ऐकणारे नव्हते. ते भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, बांधाबांधावरची भांडणं सोडवली, आणि स्वतः सरकारी क्वार्टरमध्ये राहिले. रिटायर झाल्यावर भाड्याच्या दोन खोल्या.

"बँकेनं दिलेला वकील म्हणजे बँकेचा माणूस," ते व्हिडिओ कॉलवर म्हणाले. "आपलं कोण पाहणार? तू काय करून राहिली बेटा, कळते का?"

"बाबा, उद्या पाचपर्यंत नाव द्यायचंय! यादीतलाच घ्यावा लागेल, काही इलाज नाही."

"मग घे. पण प्रत्येकाले एक प्रश्न विचार. चतुःसीमा जाग्यावर जाऊन कोण पाहणार? कागद वेगळं बोलते अन् जमीन वेगळं बोलते. चाळीस वर्षं हेच पाहिलं मी."

मला वैताग आला. इंग्लंडमध्ये लोक चतुःसीमा विचारतात का? पण बाबांनी तसा शब्दच घेतला, म्हणून शुक्रवारी सुट्टी टाकून मी यादी उघडली आणि फोन लावत सुटले. पहिल्या ठिकाणी पाऊण तास संगीत ऐकलं. मग एक मुलगी म्हणाली की आमची केस एका टीमकडे जाईल आणि जागा बघणं त्यांच्या सेवेत येत नाही. दुसऱ्याला प्रश्नच कळला नाही, मी तीनदा विचारल्यावर त्याने मला ईमेल करायला सांगितलं. तिसरा नुसता हसला. नवरा घरून काम करत होता, तो आतून ओरडला, "अगं, कुणीही घे आता, दोन वाजले!" एरवी ताकही फुंकून पिणारा माणूस, पण घड्याळाने त्यालाही घाबरवलं होतं.

चौथा नंबर पिनर स्टेशनजवळच्या, तीन वकिलांच्या एका छोट्या ऑफिसचा होता, चपलांच्या दुरुस्तीच्या दुकानाच्या वर. फोन सॉलिसिटर बाईंनी स्वतःच उचलला.

"थांबा, सँडविच बाजूला ठेवते. हं, बोला."

मी धडाधड सांगून टाकलं. बँक, यादी, पाच वाजता, आणि बाबांचा प्रश्न.

"मी जागा बघायला जात नाही," त्या म्हणाल्या. मी उसासा सोडला. "तुम्ही जायचं. मी टायटल प्लॅन पाठवेन, सरकारी नोंदीतला नकाशा, त्यावर हद्दीची लाल रेघ असेल. कागद हातात धरून त्या रेघेवरून चाला आणि जे जुळत नाही ते मला सांगा. मी सगळ्यांना हे सांगते. बहुतेक लोक न चालताच सही करतात."

बाबांना फोन लावला. त्यांनी एकच शब्द उच्चारला, "घे." पावणेपाचला एजंटला नाव कळवलं आणि शनिवारची मंडळी रद्द झाली. नवऱ्याने मला उचलून गोल फिरवलं, त्याची कंबर धरली आणि तो दोन दिवस तसाच वाकून चालला.

तीन आठवड्यांनी प्लॅन आला. शनिवारी मालकिणीची परवानगी घेऊन आम्ही तिथे गेलो. माझ्या एका हातात कागद, दुसऱ्यात फोन आणि फोनमध्ये बाबा. पुढचं कुंपण जुळलं. मागची बाग जुळली. बाजूला आलो आणि माझे पाय थांबले. लाल रेघ घराच्या भिंतीला चिकटून गेली होती. बोळ रेघेबाहेर होता.

"नीट धर कागद," बाबा म्हणाले. त्यांनाही रेघ तशीच दिसली.

खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो लपवण्याचा. ही बाई बँकेचीही वकील. तिला सांगितलं की ती बँकेला सांगणार, बँक कर्ज अडवणार, घर जाणार. बोळ तर समोर दिसतोय, वर्षानुवर्षं वापरात आहे, कोण विचारतंय? मी हे मोठ्याने बोललेही.

"सांग तिले," बाबा म्हणाले. "आज सांग."

"तुम्हीच म्हणालात ना, बँकेचा माणूस!"

"म्हणालो होतो. पण आपल्याले रेघेवरून चालायला तिनंच लावलं."

शनिवार-रविवार ऑफिस बंद, सोमवारी सकाळी उघडताच फोन केला. बाई म्हणाल्या, "छान केलंत. बँकेला कळवावं लागेल, पण बँकेलाही अर्धवट घर तारण नकोच आहे. या बाबतीत तुमचं आणि बँकेचं हित एकच आहे." मग त्या मालकिणीच्या वकिलाच्या अशा मागे लागल्या की विचारू नका. दहा दिवसांत उलगडा झाला. मालकिणीने फार पूर्वी तो बोळ शेजाऱ्याकडून वेगळा विकत घेतला होता. त्याची नोंद वेगळी होती आणि ती कागदांत जोडायची राहून गेली होती. सही केली असती तर घर आमचं झालं असतं आणि वाट तिचीच राहिली असती. बोळ करारात आला, बँकेने मान डोलावली, आणि किल्ल्या हातात पडल्या त्या दिवशी मी एजंटच्या ऑफिसातही ओरडले.

जूनमध्ये बाबा आले. टॅक्सीतून उतरून त्यांनी आधी त्या सहा पायऱ्या पाहिल्या, मग माझ्याकडे. मी बाजूचं फाटक उघडलं. हात धरू दिला नाही त्यांनी. एका हातात काठी, दुसरा कुंपणावरून फिरवत, ओठांतल्या ओठांत पावलं मोजत ते चालत गेले. स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले, दम घेतला, आणि आयुष्यभर परक्यांच्या नावांनी जे वाचलं होतं ते त्याच सरकारी आवाजात म्हणाले, "पूर्वेस शेजाऱ्याचं कुंपण. पश्चिमेस माझ्या लेकीचं घर."

मला पर्समध्ये किल्ली सापडेना.