‘सेट’पाशी अडलेला दिनकर

फोन वाजला तेव्हा दुपारचा डोळा नुकताच लागत होता. स्क्रीनवर दिनकरचं नाव. मी वैतागूनच उचलला आणि हॅलोबिलो न करता विचारलं, "आता आणि कुठला अर्थ घावला, लेका?" पलीकडून शालनवहिनींचा आवाज आला, "भावजी, हे गेले." जेवून खुर्चीत बसला होता म्हणे. चष्मा डोळ्यांवर आणि मांडीवर आमच्या शब्दकोशाचं तेच ते पान, ‘सेट’चं. रडू यायच्या आधी मला राग आला. हा माणूस या शब्दावरून उठायचा नाही, असं मी वर्षभर भेटेल त्याला सांगत होतो. शेवटी त्यानं माझं म्हणणं खरं करून दाखवलं.

दिनकर आणि मी कोल्हापुरात एकाच शाळेत इंग्रजी शिकवलं, एकाच टेबलावर डबे खाल्ले आणि जवळपास एकदमच निवृत्त झालो. मी निवृत्तीनंतर बाग करणार होतो. पण दिनकरनं खेड्यापाड्यातल्या मुलांसाठी खिशात मावेल असा इंग्रजी-मराठी शब्दकोश करायचं काढलं आणि मला त्यात ओढलं. कल्पना त्याची, हमाली दोघांची. तो नेसरीचा. शाळेत असताना कपाटातल्या जाडजूड शब्दकोशात त्यानं पहिल्यांदा ‘सेट’ हा शब्द पाहिला, तर समोर ‘प्रस्थापित करणे’, ‘अस्तंगत होणे’ असले अर्थ. हे मराठी कळायला मास्तरांना विचारायला हवं, आणि त्याच्या वस्तीतलं पोर मास्तरांच्या टेबलापर्यंत जायला कचरायचं. ते त्याच्या मनात कायमचं राहिलं. तो म्हणायचा, "बापू, आपलं पुस्तक उघडल्यावर पोराला त्याची आई बोलल्यागत वाटलं पायजे." ऐकायला छान वाटतं. असल्या माणसाबरोबर कामाला बसून बघा म्हणजे कळेल!

कारण त्यानं एक नियम काढला होता. प्रत्येक अर्थाला घरात बोललं जाणारं एक वाक्य द्यायचं, आणि ते वाक्य स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं राहून शालनवहिनींना मोठ्यानं वाचून दाखवायचं. वहिनी आजऱ्याच्या, शिक्षण सातवी, इंग्रजीशी घेणंदेणं नाही. त्या भाकऱ्या थापत ऐकायच्या आणि मान वर न करता ‘व्हय’ किंवा ‘न्हाय’ म्हणायच्या. ‘व्हय’ आलं की वाक्य पुस्तकात, ‘न्हाय’ आलं की बाद. अपील नाही. मी इंग्रजीत एम.ए. केलेला माणूस, पण माझी किती वाक्यं त्या तव्यापुढं करपली त्याला गणती नाही. वहिनींनाही या कामाचा मनस्वी कंटाळा होता. "एकांदा दिवस तरी मला सुखानं भाकरी करू द्या की," असं त्या म्हणायच्या, आणि हा पुढचं वाक्य वाचायचा.

तरीही रखडत रखडत आम्ही ‘एस’पर्यंत आलो आणि ‘सेट’पाशी गाडी रुतली. तीन अक्षरांचं चिमूटभर पोर, पण काय काय धंदे करतं! सूर्य बुडाला तरी सेट, मोडलेलं हाड बसवलं तरी सेट, दही लागलं तरी सेट, घड्याळाचा गजर लावला तरी सेट, पेपर काढला तरी सेट, प्रवासाला निघालो तरी सेट, आणि वर पुन्हा कपबश्यांचाही सेट. मी म्हटलं, खिशातला शब्दकोश आहे, पाच-सहा अर्थ देऊ आणि पुढं जाऊ. दिनकरनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्याच्या घरात चोरी करायला आलोय. पातळ पदार्थ घट्ट होतो या अर्थाला दह्याचं वाक्य होतंच, पण त्याला आणखी गुळाचं हवं होतं. कोल्हापूरच्या शब्दकोशात गूळ नाही म्हणजे काय? झालं, मला स्कूटरवर मागं बसवून भर उन्हात गुऱ्हाळावर नेलं. साच्यात ओतल्यावर गुळाचं काय होतं, असं यानं विचारल्यावर एक म्हणाला बसतो, दुसरा म्हणाला धरतो, आणि तिसरा म्हणाला, "गूळ हुतो की पावणं, आनि काय हुनार?" मग त्या तिघांतच जुंपली. आम्ही काकवीची बाटली घेऊन परत आलो. वाक्य शून्य. माझी कंबर मात्र आठवडाभर धरली होती, आणि दिनकर म्हणतो, "बघ, ‘धरतो’ला वाक्य मिळालं!"

जेवणाचं टेबल सेट करणं, यावर तर घरात भांडण लागलं. दिनकरनं वाचलं, "आईने ताटं मांडली." आतून ‘न्हाय’. का? तर रिकामी ताटं मांडून कुणाला बसवायचं? "आमच्यात ताट वाढूनच समोर येतंय." दिनकर समजावून सांगतोय, की इंग्रज लोक आधी रिकाम्या बश्या ठेवतात. वहिनी म्हणाल्या, "मग त्यास्नी भूक नसंल." मी हात जोडून म्हटलं, मराठीत ‘लावणे’ हा एक शब्द लिहू, निम्मे अर्थ त्यात बसतात, सुटू एकदाचे. तर दिनकर उसळला, "आपण दिवा लावतो, दार लावतो, झाड लावतो. उद्या पोरगं परीक्षेत ‘सेट द डोअर’ लिहील, त्याचे मार्क तू देणार हाईस काय?" त्याचं खरं होतं. तो अशा वेळी खरंच बोलायचा, हाच त्याचा सगळ्यात मोठा वैताग.

प्रकाशक भले गृहस्थ, पण त्यांनीही किती थांबावं? येत्या जूनला शाळा उघडताना पुस्तक हातात आलं नाही तर विषय बंद, असं त्यांनी सांगून टाकलं. तेव्हा दिनकरला जिना चढताना धाप लागत होती आणि डॉक्टरांनी फिरणं बंद केलं होतं. म्हणून तो फोनवरून छळू लागला. मी औषधाचं विचारलं की तो अर्थ सांगायचा. तब्येत कशी आहे हे मला त्याच्याकडून शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

नेसरीला त्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना संपली, लोक बोलले, त्याचे विद्यार्थी रडले. बाहेर चपला घालताना प्रकाशक हळूच म्हणाले, "सर, आता तुमच्यावरच आहे. तो एक शब्द दोन ओळींत उरकून टाका." खरं सांगतो, मला हायसं वाटलं. आता अडवणारं कोणी नव्हतं. घरी येऊन एका बैठकीत मी ‘सेट’ आवरला. गुऱ्हाळ काढलं, ताटं काढली, भाषा जरा साफसूफ केली. काम सुरेख झालं होतं आणि मला ते वाचवत नव्हतं...

महिन्याभरानं राहिलेले कागद आणायला त्याच्या घरी गेलो. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. एका माणसापुरतं पीठ परातीत घेतलेलं. त्या फारसं बोलतच नाहीत, असं परत सासरी निघालेल्या त्यांच्या मुलीनं दारातच सांगितलं होतं. मी म्हटलं, "वहिनी, तो शब्द पुरा केला. पुस्तक येईल आता जूनला." त्यांनी मान वर केली नाही. "वाचा की," म्हणाल्या.

मी उंबऱ्यात उभा राहिलो. "सूर्य मावळला आणि गुरे घरी परतली."

"न्हाय."

"अहो वहिनी, मावळला म्हणतातच की सगळे!"

"म्हनू देत. ह्यांनी ‘दिवस बुडाला’ लिवलं व्हतं. मी व्हय म्हनलं व्हतं. तुम्ही का बदललासा?"

मी खिशातून पेन काढलं, दाराच्या चौकटीवर कागद धरला आणि ‘दिवस बुडाला’ असं लिहून पुन्हा वाचलं. त्या ‘व्हय’ म्हणाल्या. मी घाईनं पुढचं वाक्य काढलं, तर त्यांनी पिठाचा हात वर करून मला थांबवलं.

"आज एवढंच. उद्या या... रोज एकच वाचा, भावजी."

"वहिनी, अशानं दिवाळी येईल! प्रकाशक थांबायचे नाहीत."

"हे सगळं वाचून संपलं, की मग मला कोन काय इचारनार हाय?"

असं म्हणून त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. मी चिडलो, दिनकरवर, त्याच्या नियमावर, त्या टीचभर इंग्रजी शब्दावर, आणि मग तिथंच, चौकटीला धरून, रडलो. काढलेली ताटं आणि गुऱ्हाळ रात्री परत आत घातलं. तेव्हापासून रोज सकाळी मी एक वाक्य घेऊन जातो. परवाचं तर ‘न्हाय’ आलं, म्हणजे तो दिवस फुकटच. अजून बरेच अर्थ शिल्लक आहेत. शब्दकोश यंदाच्या जूनला येणार नाही, हे प्रकाशकांनी इथंच वाचावं. फोन करून सांगायची माझी हिंमत नाही.