खालचे चेंडू

शाळेने शिवणाचा विषय बंद केला तेव्हा मोठ्या बाईंनी रोबोटची टीम शिवणाच्या बाईंच्या गळ्यात टाकली. तुम्हाला मशीनची सवय आहे, एवढंच कारण. बाईंना मशीनची सवय होती ती धास्तीचीच. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मुलीच्या बोटातून सुई आरपार गेली होती. तेव्हापासून तास सुटेपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागलेला असे.

टीममध्ये तिघी होत्या. एक तोंडाळ, तिलाच सगळे कप्तान म्हणत. दुसरी तारा जोडणारी. रिमोट चालवायची ती बाईंची भाची, शाळेत बाई म्हणणारी, घरी मावशी.

शेवटच्या फेरीआधी त्या चौथ्या होत्या. पहिले चारच पुढे जाणार होते. चेंडू उचलून खालच्या टोपलीत टाकले की एकेक गुण. शेवटच्या अर्ध्या मिनिटात रोबोट उंच दांड्याला लटकला तर एकदम वीस. निसटला तर त्याचा चुराडा. सरावात दहापैकी सात वेळा लटकला होता. कप्तान म्हणत होती, लटकवूच. मागचे गप्प बसणार नाहीत.

चेंडू की लटकणं, हे आधीच डावाच्या कागदावर लिहून द्यायचं होतं आणि खाली सही बाईंची लागणार होती. त्यांच्या तळहाताला घाम फुटला. त्यांनी भाचीकडे पाहिलं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"जमेल?"

भाचीने होकारार्थी मान हलवली. बाईंनी कागदावर 'चेंडू' लिहिलं आणि सही ठोकली. "पोर घाबरलीय," त्यांनी कप्तानला सांगितलं.

भाचीने एकोणीस चेंडू टाकले, एकही चुकवला नाही. पण पलीकडे पाचव्या नंबरचा रोबोट वर चढला आणि घंटा होईपर्यंत लटकून राहिला. तीन गुणांनी त्या बाहेर पडल्या.

बाहेर व्हरांड्यात भाची वायर गुंडाळत होती.

"मावशी, मला जमलं असतं."

"अगं, तुझा चेहरा केवढा उतरला होता."

"तो दरवेळी उतरतो. सरावात लटकवला, त्या सातही वेळा उतरला होता."

सकाळपासून पोरीच्या नावावर त्या स्वतःचीच भीती खपवत होत्या. त्या तशाच कप्तानकडे गेल्या.

"ती घाबरली नव्हती. मी घाबरले."

कप्तान रोबोटची पेटी बंद करत होती. तिने कडी लावली.

"हे सहीच्या आधी सांगायचं होतं, बाई."