होंडुरासमधल्या एका गावाचा नकाशा

आयर्लंडमधल्या नास या गावातल्या एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात मी काम करते. त्याआधी नागपूरला बारा वर्षं भूगोल शिकवला. माझ्याबरोबर भाज्या चिरणारी मैत्रीण होंडुरासची. तिच्या मुलीच्या शाळेत पालकांनी आपापल्या गावाबद्दल बोलायचं ठरलं, तेव्हा तिने मोबाइलवर गावाचं नाव टाकून मला दाखवलं. दोन ओळी आणि हिरव्या रंगावर एक ठिपका.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच कसं असेल! तू नकाशा काढ. बाकीचं मी सांगते."

आमच्या जेवणाच्या सुट्टीत तिकडे नुकतं उजाडलेलं असायचं. ती वडिलांना फोन लावायची. ते कॉफी उकळता उकळता बोलायचे आणि ती मला इंग्रजीत सांगायची. उतारावर कॉफीचे मळे, खाली मका आणि घेवडा, कडेने नदी. पूर्वी हे गाव नदीपलीकडच्या मोठ्या गावाच्या अखत्यारीत होतं. जन्ममृत्यूची नोंदसुद्धा तिकडेच. एका पावसाळ्यात तिची आजी दगावलेल्या तान्ह्या लेकराची नोंद करायला दिवसभर चालत गेली, तर कार्यालय बंद. परतताना नदीला पूर. चार दिवस ती पलीकडे अडकली आणि इकडे लेकराला तिच्यावाचून पुरावं लागलं.

त्याच वर्षी गावाने स्वतःच्या पालिकेसाठी अर्ज केला. तीनदा परत आला. चौथ्यांदा आजी स्वतः राजधानीला गेली आणि मंजुरी मिळाल्यावरच घरी आली.

माझा पहिला नकाशा तिच्या वडिलांना पाठवला. उत्तर लगेच आलं, "नदी चुकलीय. तिने एवढं वळण कधी घेतलं?" मी, भूगोलाची बाई, ओशाळले. दुसराही चुकला. तिसरा त्यांनी मान्य केला.

शाळेत ती घाम पुसत बोलत होती. मी नकाशा धरून उभी. वेळ संपली तशा शिक्षिका हसून म्हणाल्या, "दॅट वॉज ग्रँड, थँक यू."

"अजून नदी राहिलीय," मैत्रीण म्हणाली आणि जागची हलली नाही. आजीची गोष्ट तिने शेवटपर्यंत सांगितली. मग एका मुलीने विचारलं, "आता तिथे पूल आहे का?"

"आहे. त्याचे दगड माझ्या बाबांनी वाहिलेत."

शिक्षिकांनी नकाशा भिंतीसाठी मागितला. "फोटोकॉपी ठेवा," ती म्हणाली. मूळ नकाशा आम्ही दोघींनी पोस्टाने पाठवला. महिन्याभराने फोटो आला. पालिकेच्या कार्यालयात, इस्त्रीचा शर्ट घालून, तिचे बाबा नकाशाशेजारी ताठ उभे होते. त्या कार्यालयात तोवर गावाचा नकाशाच नव्हता.