ग्रंथी आळशी, बाई नव्हे

बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणाऱ्या बाईंचा आवाज एकेकाळी असा होता, की बाकावर पेंगलेला माणूसही पिशवी उचलून बरोबर आपल्या फलाटाकडे चालू लागायचा. बसायच्या मात्र त्या तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत. अंधारात आत, अंधारात बाहेर. सूर्य ही त्यांच्या दृष्टीने ऐकीव गोष्ट होती. मग अंग जडावलं, चेहरा सुजला, हाडं ठणकायला लागली आणि आवाज घोगरा झाला. "माइकवर बाप्या कधी बसवलात?" असं प्रवासी विचारू लागले. स्थानकप्रमुखांनी बजावलं, "आणखी एक तक्रार आली, की माइक दुसरीकडे."

बाईंना माइक हवा होता. त्यांचं बोलणं लोक मुकाट ऐकून घेत, अशी जगात तेवढी एकच जागा होती.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. थायरॉइड कमी, ड जीवनसत्त्वही तळाला. "ग्रंथी आळशी झालीय," ते म्हणाले. "रोज उपाशीपोटी ही गोळी. ड साठी आठवड्याची ही वेगळी. थायरॉइडवाल्यांत ड बऱ्याचदा कमी सापडतं, पण एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही."

बाईंनी घरी येऊन हे सांगितलं, त्या सगळ्यातून थोरल्या दिरांच्या कानाने एकच शब्द उचलला: आळशी. निवृत्त होऊन घरी बसलेले हे गृहस्थ पेपर वाचून अख्ख्या जगाला अक्कल शिकवत. "बघा, मी म्हणत होतोच! आता डॉक्टरच म्हणाले," असं दारातल्या दूधवाल्यालासुद्धा सांगून ते मोकळे झाले. मग त्यांच्या दिव्य डोक्यात प्रकाश पडला. "ड भरलं की थायरॉइड झक मारत चालू होईल. रोजची गोळी बंद! आठवड्याची तेवढी घे, सुट्टीला गच्चीत ऊन खा आणि जरा हातपाय हलव." नवरोबांनी भावापुढे मान डोलावली, त्यांच्या मानेला दुसरं काम कधी नव्हतंच. आणि बाई? त्याही निमूट गच्चीत जाऊन बसल्या. त्या निमूटपणाचं कौतुक करावं असं त्यात काहीही नव्हतं.

पुढच्या तपासणीत ड छान भरलेलं, थायरॉइडने मात्र पार मान टाकलेली. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. रोजची गोळी पुन्हा सुरू झाली, पण आवाज सुधारायला वेळ लागेल म्हणाले.

तो वेळ काही मिळाला नाही. गाडी चुकली म्हणून एक प्रवासी प्रमुखांच्या खोलीत थयथयाट करत होता. बाईंना बोलावणं आलं. टेबलावर हात आपटत उभे होते ते थोरले दीर.

"फलाट कुठला ते कळेल तर शपथ! तोंडात बोळा कोंबल्यासारखं कोण बोलतंय? असल्यांना माइकवर बसवता?" तेवढ्यात बाई दिसल्या आणि ते चपापले. "अगं, तू? मला काय माहीत तू बोलतेयस!"

"लग्न झाल्यापासून एका घरात राहतोय, भाऊजी," बाई म्हणाल्या. "पण आवाज ओळखायला आधी तो कधीतरी ऐकावा लागतो."

"राहू द्या हो साहेब, तक्रार मागे घेतो," दीर पुटपुटले. पण प्रमुखांना तेवढंच निमित्त हवं होतं. तिथल्या तिथे माइकवर दुसरी मुलगी बसली, आणि तिची पहिलीच घोषणा ऐकून भाऊजी पुढच्या गाडीसाठी बरोबर आपल्या फलाटावर गेले.