चप्पल निसटली तर कळतं का?

“चालताना चप्पल पायातून निसटली, तर तुम्हाला कळायचं का?” पुण्याच्या न्यूरॉलॉजिस्टनी आमच्या ह्यांना विचारलं.

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. “न्हाई कळायचं, सायेब. ही मागनं वरडायची, तवा कळायचं.”

न्यूरॉलॉजिस्ट म्हणजे मेंदू, मणका आणि नसांचा डॉक्टर. आम्ही त्यांच्यापर्यंत पोचायला दीड वर्ष लावलं. एमआरआय पाहून ते म्हणाले, “कॉर्ड कॉम्प्रेशन.” म्हणजे मानेच्या मणक्यातून हातापायांकडं जाणारी नसांची दोरी दबली होती.

हे दौंडला रेल्वेत गँगमन. सारा जन्म रुळाकडेनं चालण्यात गेला. एकदा बाजारात ह्यांची एक चप्पल मागं राहिली आणि हे तसेच पुढं गेले. मी हसले. पुढं रोजच व्हायला लागलं, तशी चिडले. माहेरी शिरूरला गेले तेव्हा मागून पट्टा असलेली सँडलच घेऊन आले. चप्पल निसटायची थांबली आणि मी अक्कलहुशारीनं रोग झाकून टाकला.

मग शर्टाची बटणं लागेनात. माझा भाऊ म्हणाला, “दाजी, वारं हाय हे. चोळून घ्या.” तीन महिने तेल चोळलं. चोळणारा मानही कडाकडा मोडायचा, आणि ह्यांना बरं वाटतंय म्हणून मी त्याला चहा करून द्यायचे. एका सकाळी ह्यांना खाटेवरून उठताच येईना. तेव्हा कुठं रेल्वेच्या डॉक्टरांनी पुण्याची चिठ्ठी दिली.

“ऑपरेशननं आजार पुढं वाढायचा थांबेल,” न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले. “गेलेलं परत येईल, असं मी सांगणार नाही. आधी आला असतात तर गोष्ट वेगळी होती.”

ऑपरेशन झालं. हात थोडे सुधारले. पाय नाही.

तुमच्या घरात कुणाची चप्पल नकळत निसटत असेल, बोटं बधिर होत असतील, तोल जात असेल, तर त्या माणसावर चिडू नका आणि चोळत तर मुळीच बसू नका. नसांचा डॉक्टर गाठा. मी चिडले होते, ते मला आता सोसत नाही.

त्या डॉक्टरांचे मी उपकार मानते. ते आमच्याशी एकदाही खोटं बोलले नाहीत. मला तेवढं जमत नाही. ह्यांच्या मानेला अजून पट्टा आहे, खाली पाहता येत नाही, आणि पायाचं तर काही कळतच नाही. म्हणून रोज सकाळी मलाच विचारतात, “बघ गं, अंगठा हालला का?”

मी म्हणते, “व्हय की. वाईच हालला.”