केळीची पानगळ

आमच्या शाळेतल्या पोरांना पानगळ मी शिकवली, असं मी सांगत फिरतो. ते खोटं आहे. सातपुड्याच्या पायथ्याला सागाची पानं पडायला लागली की त्या आवाजाने कोंबड्या अंडी द्यायचं विसरतात. एका पानाखाली मी स्वतः टोपीसकट दुपारची झोप काढली आहे. पटत नसेल तर टोपी वगळा.

मी फक्त एवढंच सांगितलं, की आठवडाभर एकच झाड बघा, त्याचं चित्र काढा आणि खाली आपल्या बोलीत कविता लिहा. केळीच्या बागेत मजुरीला जाणाऱ्यांची चौथीतली एक मुलगी, तिने केळ निवडली. हिरवी केळ, खोडाला लोंबणारी वाळकी पानं, जमिनीवर एकही नाही. खाली आमच्या बोलीत, म्हणजे 'ळ'चा 'य' करून, लिहिलं होतं:

केयीचं पान
वायलं तं वायलं
पन सोडत नही.
कापा तव्हा पडतं.

यावलच्या शालेय चित्रप्रदर्शनात जळगावचे परीक्षक त्यापुढे थांबले.

"गुरुजी, विषय पानगळ. खाली सडा कुठाय? हे काढून टाका."

मुलगी माझ्या शेजारीच उभी होती. तिने खाली मान घातली आणि माझं डोकं फिरलं.

"साहेब, केळ पान गाळत नाही."

"वाळलं की कुठलंही पान पडतं हो."

मुलगी पुटपुटली, "वढून पाहा ना, साहेब."

कुंपणापलीकडेच बाग होती. साहेब पांढऱ्या शर्टात बागेत शिरले. लोंबतं पान ओढलं; ते फाटलं, सुटलं नाही. मग दोन्ही हातांनी ओढलं. केळ वाकली, साहेब वाकले, चाळीसगावपर्यंत जमीन हलली म्हणतात. शेवटी खोडाचं सालपट सोलून निघालं आणि चीक शर्टभर उडाला. केळीच्या चिकाचा डाग कपडा फाटेस्तोवर जात नाही. आमच्याकडे बागेत जाणारा जुनेरं घालून जातो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

साहेब परतले ते तांबडे होऊन. "तरीही नमुन्यात बसत नाही. नंबर मिळणार नाही."

"नंबर ठेवा तुमच्याजवळ," मी म्हटलं. "चित्र उतरणार नाही. ते उतरलं, तर आमच्या शाळेची सगळी चित्रं काखेत मारून मी निघालो. मग पाहुण्यांना भिंत दाखवा."

असं मी कुणा साहेबाला आयुष्यात प्रथमच बोललो. उंच दिसावं म्हणून टाचा चार बोटं उचलल्या होत्या, पण त्या धोतरात असल्यामुळे कुणाला दिसल्या नाहीत. धोतर मी नेसत नाही, ही गोष्ट वेगळी.

साहेब शर्ट धुवायला नळाकडे गेले. चित्र भिंतीवरच राहिलं.

"राहू देतीन ना, गुरुजी?" मुलीने विचारलं.

"मी इथेच उभा आहे."

तिने नळाकडे एकदा नीट पाहिलं, माझ्याकडून काळा खडू मागून घेतला, आणि टाचा उंचावून भिंतीवरच्या चित्रात केळीखाली पान ओढणारा एक माणूस काढला. शर्टावरचे डाग काढायला मात्र तिने बराच वेळ घेतला.