तुतीतली चवळी आणि भाच्याचं बारसं

पाचोडजवळच्या आमच्या रानात तुतीच्या दोन ओळींमधल्या जागेत तण फार माजायचं. म्हणून नवऱ्यानं तिथं चवळी पेरली. जमीन झाकली जाईल, मातीला कस येईल, घरात भाजीला शेंगा होतील. मलाही ते पटलं.

रेशमाच्या अळ्या पाळायला लागल्यापासून माझं घराबाहेर पडणंच बंद झालं होतं. त्यांना सकाळी तुतीचा पाला, दुपारी पाला, दिवस मावळताना पुन्हा पाला. अळ्यांना वास सोसत नाही, म्हणून मी पावडर, वासाचं तेल सगळं सोडलं. घरात उदबत्तीसुद्धा लागत नव्हती. रोगाच्या भीतीनं परकं माणूस अळ्यांच्या शेडमध्ये घ्यायचं नाही, त्यामुळं शेजारणीला हाक मारायचीही सोय नव्हती.

त्यातच कन्नडहून भावाचा फोन आला. मुलाचं बारसं ठरलं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, आणि सख्खी आत्या मी एकटीच. अळ्या नेमक्या कोष विणण्याआधीच्या शेवटच्या टप्प्यात होत्या, रात्रंदिवस पाला कुरतडत होत्या. तरी सासूबाई म्हणाल्या, "जा तू. एक दिवस मी बघते."

बारशाच्या सकाळी नवी साडी नेसून मी एसटीला निघणार, एवढ्यात नवरा रानातून पळत आला. चवळीवर मावा, ती रस शोषणारी बारीक कीड, पडला होता. वेल तुतीवर चढले होते आणि माव्याचा चिकटा तुतीच्या पानांवर उतरत होता; तसला पाला अळ्यांना चालत नाही.

"फवारून टाकावं का?" त्यानं विचारलं.

"अन् तो पाला अळ्यांना घालायचा व्हय? एक बी जगायची नाय," सासूबाई म्हणाल्या.

औषध मारता येत नव्हतं, चवळी ठेवताही येत नव्हती. ती उपटायची, चांगला पाला निवडून काढायचा आणि इकडं शेडमधल्या अळ्या उपाशी ठेवायच्या नाहीत. दोघांच्यानं ते होणार नव्हतं. मला कुणी थांब म्हणालं नाही. मीच आत जाऊन साडी बदलली.

दुपारपर्यंत मी शेंगांनी लगडलेले वेल उपटत होते. बोटं चिकट झाली होती, डोळे भरून येत होते आणि पुसायलाही हात स्वच्छ नव्हता. मग भावाचा फोन आला. सासूबाईंनी तो माझ्या कानाला धरला. चुलत बहिणीनं नाव ठेवलं, पण पाळण्याभोवती एवढा गलका होता की नाव मला ऐकूच आलं नाही. नंतर वहिनीला विचारावं लागलं.

अळ्या वाचल्या. कोषही चांगले झाले. ते काढून झाल्यावर मी कन्नडला गेले. भाच्याला मांडीवर घेतलं तर तो अनोळखी माणसाकडं बघावं तसा टकामका बघत राहिला.

"आता राहा की चार दिवस," आई म्हणाली.

"नवीन अळ्या यायच्यात उद्या," मी म्हणाले, आणि परतीची एसटी कधी आहे ते भावाला विचारलं.